जागल्या: बदल टिपणाऱ्या ठोकळ्याची मराठी

या अंकासाठी विषय कळवा म्हटल्यावर मी ‘माइनक्राफ्टमधला ऑब्झर्व्हर’ एवढंच लिहून पाठवलं. त्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "हे साहित्यात कुठं बसतं?" आणखी एकाने सुचवलं, की यावर हिंदीत ढीगभर व्हिडिओ आहेत, मग मराठीत लिहायची गरज काय? पहिला प्रश्न मला रास्त वाटतो. दुसरा मात्र ऐकून घेण्यासारखा नाही. हिंदीत व्हिडिओ आहेत म्हणून मराठीत नको, हेच लॉजिक पुढे नेलं तर आपल्याला फक्त कविता आणि श्रद्धांजल्याच मराठीत लिहाव्या लागतील. बेळगावात मराठीचं मंडळ चालवणाऱ्यांनी तरी असं म्हणू नये.

म्हणून हा लेख एका दगडी ठोकळ्यावर आहे. तो कसा बनवायचा, काय करतो, काय करत नाही, आणि ते सगळं मराठीत सांगताना काय होतं, यावर.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा खेळ. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. ठोकळा फोडायचा, दुसरीकडे लावायचा, घर बांधायचं, शेत करायचं. जिंकणं-हरणं फारसं नाही. त्यात रेडस्टोन नावाची एक लाल भुकटी खाणीत सापडते. ती जमिनीवर ओळीने टाकली की तारेसारखी वागते, तिच्यातून वीज जाते म्हणा. तिच्यावर दारं उघडतात, दिवे लागतात, दट्टे हलतात. पोरं यातून गणकयंत्रंसुद्धा करतात. ऑब्झर्व्हर हा या रेडस्टोनच्या कुटुंबातला.

तो ज्या ठोकळ्याकडे तोंड करून बसलेला असतो, त्या एका ठोकळ्यात काही बदल झाला की पाठीमागून विजेचा एक झटका सोडतो. काम एवढंच. त्याला अक्षरशः तोंड आहे, दगडात कोरल्यासारखं, आणि पाठीवर एक ठिपका. झटका सुटताना तो ठिपका लाल होतो.

माझा मामेभाऊ निपाणीला असतो, बारा वर्षांचा. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही. मे महिन्याच्या सुट्टीत मी आठ दिवस तिकडं होते, तेव्हा हा ठोकळा त्याने मला शिकवला. शिकवताना सगळी वाक्यं अशी: "ताई, हे ऑब्झर्व्हरचं फेस इकडं कर, मग आउटपुट बॅकला येतंय, पल्स जातंय, पिस्टन एक्स्टेंड होतंय बघ." क्रियापदं तेवढी मराठी, बाकी सगळं इंग्रजी. यात त्याचा दोष नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी, मलाही त्या क्षणी वेगळं वाक्य सुचलं नसतं. पण शेजारी आजी बसली होती. ती म्हणाली, "काय करायलाय रं ते? मला बी सांग की." आणि त्याला सांगताच येईना. खेळ त्याला तोंडपाठ होता, पण आजीशी तो ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत खेळातला एकही शब्द नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून शब्द लावले. आधी सामान घेतलं, कारण ठोकळा बनवायला सामानच आधी लागतं.

एका ऑब्झर्व्हरला सहा कोबलस्टोन, दोन रेडस्टोनच्या चिमटी आणि एक नेदर क्वार्ट्झ लागतो. बनवायच्या टेबलावर तीन बाय तीनचे नऊ खण असतात. वरची ओळ आणि खालची ओळ पूर्ण कोबलस्टोनची. मधल्या ओळीत आधी दोन रेडस्टोन, मग क्वार्ट्झ. कोबलस्टोनला आमच्याकडे शब्द तयारच आहे, तो म्हणजे डबर. पाया भरताना गवंडी डबर मागतो, आणि खेळातलं ते राखाडी दगडाचं चित्र बघून मामी स्वतःच म्हणाली, "हे तर डबर." रेडस्टोनला ‘लाल भुकटी’ ठेवलं. फार सुंदर नाही, पण खोटंही नाही.

क्वार्ट्झला मात्र मजा आली. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. पोरगं हसायलाच लागलं, कारण त्याच्यासाठी गारगोटी म्हणजे भुदरगड तालुक्यातलं गाव, जिथं त्याच्या वर्गातल्या एकाचं आजोळ आहे. गारेचा दगड, चकमक, ठिणगी, हे सगळं त्याने ऐकलेलं नव्हतं. खेळात ही गारगोटी ‘नेदर’मध्ये मिळते. तिकडे जायला काळ्या काचेसारख्या दगडाची चौकट उभी करून पेटवावी लागते, आत सगळीकडे आग, लाव्हा आणि वाईट जीव. नेदरला पाताळ म्हटलं. म्हणजे पाताळातून गारगोटी आणायची, डबरात बसवायची, मधे लाल भुकटी घालायची. आजीला एवढं लगेच कळलं. तिला तर ती गोष्टच वाटली.

ऑब्झर्व्हरचं नाव राहिलं. मी आधी ‘निरीक्षक’ म्हटलं. तो म्हणाला, "शाळेत येतंय ते?" निरीक्षक म्हटलं की शाळा तपासणीस डोळ्यांसमोर येतो, त्याला काही इलाज नाही. ‘टेहळणी ठोकळा’ सैन्यातला वाटला. मग मामा, जे आतापर्यंत गप्प बसून मोबाइल बघत होते, म्हणाले, "जागल्या म्हण की." रात्री पिकाला डुकरं लागू नयेत म्हणून शेतात जागत बसणारा तो जागल्या, आणि त्याचं काम म्हणजे जागल. मामांनी लहानपणी वडिलांबरोबर जागल केली होती. शब्द बसला तो बसलाच.

अर्थात तो पूर्ण बसत नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. शेतातला जागल्या डुकराला बघतो. खेळातल्या जागल्याला डुक्कर दिसतच नाही. त्याच्या नाकासमोरून गाय गेली, माणूस गेला, राक्षस गेला, तरी तो गप्प. त्याला प्राणी दिसत नाहीत, ठोकळा दिसतो. पीक एका पायरीने वाढलं की कळतं, पीक कुणी उपटलं की कळतं. दार उघडलं, भट्टी पेटली, पाणी वाहत आलं, केकचा एक घास कुणी खाल्ला, हे सगळं कळतं. म्हणजे चोर नाही, चोरीच फक्त दिसते. परक्या वस्तूला आपला जुना शब्द देतो तेव्हा थोडा अर्थ सांडतोच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापलं तेव्हा स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरला. तो तंतोतंत बसणार नाही हे त्या इंग्रज माणसाला कळत नसेल असं थोडंच आहे. पण ऐकणाऱ्याला पहिल्या पायरीवर उभं करायला तो शब्द पुरला. सांडलेला अर्थ मग पुढच्या ओव्यांमध्ये भरून काढता येतो. आम्हीही जागल्या म्हटलं आणि पुढच्या वाक्यात सांगितलं, की ह्याला डुक्कर दिसत नाही.

लावण्याची रीत समजून घ्यावी लागते. नव्या मुलांचा गोंधळ इथंच होतो. ठोकळा लावताना तुम्ही जिकडे बघत असता तिकडे त्याचं तोंड होतं आणि पाठ तुमच्याकडे येते. उसाकडे बघून लावला तर तो उसाकडे बघतो. उसाच्या बाजूला उभं राहून उसाकडे पाठ करून लावला तर तो भलतीकडेच बघत बसतो आणि ऊस कितीही वाढला तरी काही होत नाही. चुकला तर कुदळीने काढायचा. हाताने फोडला तर ठोकळा हातात येत नाही, वाया जातो.

ऊस म्हटलं ते मुद्दाम. जागल्याचा सगळ्यात गाजलेला उपयोग उसासाठीच आहे, आणि बेळगाव-निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातल्या माणसाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. या खेळातला ऊस आपल्या उसासारखा आहे आणि अजिबात नाही. त्याला पाणी लागतं, म्हणजे ज्या मातीवर लावला तिच्या अगदी शेजारी पाण्याचा ठोकळा हवा, आपल्या भाषेत पाट. तो कांडीवर कांडी चढत तीन ठोकळे उंच होतो आणि तिथंच थांबतो. एक कांडी चढायला सरासरी अठरा मिनिटं लागतात. सरासरी म्हणायचं कारण, खेळ दर क्षणी जगाच्या प्रत्येक तुकड्यातले थोडेच ठोकळे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतो, आणि निवडलेल्याच ठोकळ्याचं वय वाढतं. उसाच्या शेंड्याची चिठ्ठी सोळा वेळा निघाली की नवी कांडी येते. एका उसाची दहा मिनिटांत, शेजारच्याची अर्ध्या तासात. आपल्याकडे आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात, इथं अठरा मिनिटं. हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बिल कधी देतंय?"

यंत्र असं. जमिनीवर ऊस. उसाच्या मागे दुसऱ्या कांडीच्या उंचीवर दट्ट्या, तोंड उसाकडे. पिस्टनला दट्ट्या हा शब्द आपण शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेला आहे, परीक्षेनंतर तो तिथंच राहिला. दट्ट्याच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या कांडीच्या उंचीवर, जागल्या, त्याचंही तोंड उसाकडे. दट्ट्याच्या मागे एक साधा ठोकळा आणि त्या ठोकळ्यावर लाल भुकटी. जागल्या पहिल्यांदा मोकळ्या हवेकडे बघत असतो. तिसरी कांडी चढली की हवेच्या जागी ऊस येतो, म्हणजे बदल. पाठीमागून झटका, तो भुकटीतून खालच्या ठोकळ्यात, तिथून दट्ट्यात. दट्ट्या पुढे येतो, दुसरी कांडी तोडतो, तिसरी आपोआप पडते. खाली बुडखा शिल्लक. तो पुन्हा वाढायला लागतो.

इथं मामांनी विचारलं, "म्हणजे कायम खोडवाच की?" मी तो शब्द आधी वापरला नव्हता. बुडखा ठेवून तोडणं आणि त्याच्यातूनच पुढचं पीक घेणं याला या भागातला प्रत्येक शेतकरी खोडवा म्हणतो. इंग्रजीत या खेळाबद्दल बोलताना पोरं ‘लीव्ह द बॉटम ब्लॉक’ असं लांबण लावतात. आपल्याकडे एका शब्दात झालं, आणि तो शब्द नवीन बनवावासुद्धा लागला नाही. मराठीत तांत्रिक शब्द नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा उसाच्या फडात जाऊन यावं. सरी, लागण, पेर, डोळा, वाढं, मोळी, तुरा. शब्दांची कमतरता नाहीच. ज्यांच्याकडे ते शब्द आहेत त्यांना आपण यंत्राबद्दल विचारत नाही, एवढंच झालंय.

पडलेला ऊस गोळा करायला खाली हॉपर लावतात. त्याला आम्ही चाडं म्हटलं, पेरताना पाभरीवर बी ओतायचं असतं ते. तोंड रुंद, खाली निमुळतं, वरून टाकलेलं खाली जातं. चाड्यातून ऊस पेटीत.

पूर्ण ओळीला एकच जागल्या लावला तरी चालतं. भुकटी सगळ्या दट्ट्यांच्या मागून ओढायची. मग एक ऊस तिसऱ्या कांडीला पोचला की सगळी ओळ तोडली जाते, दोनच कांड्यांचे होते तेही. थोडं नुकसान, पण गारगोटी वाचते. भुकटीतली वीज पंधरा ठोकळ्यांपर्यंतच पोचते. दर ठोकळ्याला एकेक घटत सोळाव्यावर शून्य. लांब ओळ असेल तर मधे रिपीटर लावून जोर परत भरायचा. मामांना हा एक-जागल्याचा प्रकार आवडला नाही. त्यांच्या मते प्रत्येक सरीला वेगळा जागल्या हवा. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. मागच्या हंगामात त्यांचा ऊस तुरा येऊन उभा होता आणि तोडीची टोळी दुसऱ्याच्या फडात होती. कारखान्याचं नाव इथं कशाला. ऊस तयार झाल्या क्षणी तोडला जातो, हीच मुळात त्या खेळातली सगळ्यात मोठी कल्पनारम्य गोष्ट आहे, ड्रॅगन वगैरे नंतर.

आता ऊस तोडून काय करायचं? साखर होते, पण खरा उपयोग कागदाचा. तीन ऊस दिले की तीन कागद. तीन कागद आणि एक चामडं यांचं एक पुस्तक, तीन पुस्तकं आणि सहा फळ्यांचं एक पुस्तकांचं कपाट. मंत्र घालायच्या टेबलाला पूर्ण ताकद यायला पंधरा कपाटं लागतात, म्हणजे पंचेचाळीस पुस्तकं, म्हणजे एकशे पस्तीस ऊस. साहित्याच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सरळ हिशेब कुठं मिळणार? आणि ही पुस्तकं कोरी राहत नाहीत, त्यांत लिहिता येतं. २०२० च्या मार्चमध्ये ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने याच खेळात एक ग्रंथालय उघडलं. मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, इजिप्त, व्हिएतनाम या देशांत दाबलेले लेख खेळातल्या पुस्तकांमध्ये उतरवले, कारण त्या देशांत वर्तमानपत्राची साइट बंद असली तरी खेळ चालू असतो. इमारतीला सव्वा कोटी ठोकळे लागले. खेळ साहित्यात बसतो की नाही हा प्रश्न तिकडे आधीच सुटलाय.

जागल्याचा इतिहासही छोटा पण मजेदार आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळात दट्ट्याची एक चूक होती. काही विशिष्ट जागी तो वीज मिळूनही हलायचा नाही, शेजारी काहीतरी बदललं की मगच त्याला जाग यायची. लोकांनी त्या चुकीचाच वापर करून बदल ओळखणारी यंत्रं केली आणि वर्षानुवर्षं चालवली. मोबाइलवरच्या खेळात ती चूक नव्हती, म्हणून तिथं ते जमायचं नाही. २०१६ मध्ये कंपनीने बदल ओळखणारा ठोकळाच करून दिला, आधी मोबाइलवर, मग त्याच वर्षी कॉम्प्युटरवर. अधिकृत शब्द यायच्या आधी लोकांनी आपापली सोय केलेली असते, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

आता जे मला मुळात म्हणायचं होतं ते. जागल्याच्या तीन मर्यादा आहेत, आणि खेळताना मला त्या सारख्या आपल्या सीमाभागाच्या वाटत राहिल्या.

पहिली, त्याचा झटका फार छोटा असतो. पूर्ण पंधराच्या जोराचा, पण सेकंदाचा दहावा भाग. मग शून्य. पाटी बदलली, परिपत्रक आलं, कुणी काही बोललं, की आपणही पूर्ण जोराने उठतो. स्टेटस, मोर्चा, निवेदन. नंतर पुढच्या बदलापर्यंत शांत. खेळात याला उपाय आहे. झटका चिकट दट्ट्याला दिला तर तो समोरचा ठोकळा ढकलून तिथंच सोडून येतो, आणि पुढच्या झटक्याला परत ओढून घेतो. म्हणजे झटका संपला तरी त्याची खूण राहते. आपल्याकडे असं राहिलेलं काय, हे मी मोजून बघते तेव्हा कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांची साहित्य संमेलनं आठवतात, सार्वजनिक वाचनालय आठवतं. बाकी बरंचसं दहाव्या भागाचं.

दुसरी, दोन जागले एकमेकांकडे तोंड करून लावले तर काय होतं? पहिला लाल होतो. दुसऱ्याला तो बदल वाटतो, तो लाल होतो. तो बदल पहिल्याला दिसतो. हे कधीच थांबत नाही. आजूबाजूला काहीही घडत नसताना दोघं रात्रंदिवस लुकलुकत बसतात. याला पोरं घड्याळ म्हणतात आणि त्याचा वापरही होतो. एक नोव्हेंबरला बेळगावात राहिलेल्या कुणालाही हे यंत्र वेगळं समजावून सांगायला नको. एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला काळा दिवस. सीमाप्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. १९४६ च्या बेळगाव संमेलनापासूनचा तो प्रश्न आहे आणि त्यात माणसांची आयुष्यं गेली आहेत. पण एकमेकांकडेच बघत राहिलेल्या दोन ठोकळ्यांना तिसरीकडे वाढलेला ऊस दिसत नाही, हेही खरं आहे. माझ्या वर्गातली कन्नड मैत्रीण आणि मी, आम्हा दोघींना आपापल्या भाषेत या खेळाबद्दल बोलता येत नाही. तिचं बरं चाललंय असं आम्हाला वाटतं, आमचं जोरात चाललंय असं तिला. प्रत्यक्षात दोघी इंग्रजीत बोलतो.

तरी तिचं थोडं बरं आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळात भाषा निवडायची यादी आहे. मी ती पूर्ण खाली-वर केली. त्यात कन्नड आहे, हिंदी आहे, तमिळ आहे. लॅटिन आहे, एस्पेरांतो आहे, क्लिंगॉन ही सिनेमातली बनावट भाषा आहे, समुद्री चाच्यांची इंग्रजी आहे, शेक्सपिअरच्या थाटाची इंग्रजी आहे. मराठी मला सापडली नाही. ही भाषांतरं बहुतांशी कंपनी करत नाही, क्राउडिन नावाच्या ठिकाणी स्वयंसेवक करतात. म्हणजे कन्नडमध्ये आलं ते कुणा सरकारने आणलेलं नाही. कुणीतरी बसून एकेक शब्द लावला. इथं निवेदन कुणाला देणार?

तिसरी मर्यादा मला सगळ्यात जास्त खटकते. कॉम्प्युटरवरच्या खेळात जागल्यासमोर पाटी लावली आणि कुणी ती उखडून टाकली तर त्याला कळतं. पण पाटी तिथंच ठेवून वरची अक्षरं बदलली तर त्याला काहीच कळत नाही. पेटीसमोर लावला आणि पेटी कुणी उचलून नेली तर कळतं. आतलं सामान काढून पेटी रिकामी केली तर कळत नाही. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा फलक पाडला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव कागदोपत्री बेळगावी झालं. खेळातल्या जागल्याला पहिली घटना दिसली असती, दुसरी नाही. आपण त्याच्यापेक्षा पुढे आहोत, आपल्याला अक्षरंही दिसतात. पेटी रिकामी होते ती मात्र आपल्यालाही दिसत नाही. बारा वर्षांच्या पोराला आजीला खेळ समजावता येत नाही, ही पेटी रिकामी होणंच आहे. त्यावर मोर्चा निघत नाही, कारण बाहेरून पेटी आहे तशीच आहे.

पेटी किती भरली आहे हे सांगायला खेळात वेगळा ठोकळा असतो, कंपॅरेटर. तो बदलाची वाट बघत नाही. पेटीला लावला की आतल्या मालाप्रमाणे शून्य ते पंधरा जोराची वीज सतत देत राहतो. पेटी अर्धी झाली की त्याच्या मागची लाल भुकटी तेवढीच मंद. मला वाटतं आपल्या मंडळाने आता जागल्याचं काम थोडं कमी करावं आणि हे दुसरं काम घ्यावं. पाटीवर लक्ष ठेवायला बेळगावात माणसं भरपूर आहेत. महिन्यातून एका बैठकीत कुणीतरी एखादी चालती वस्तू पूर्ण मराठीत समजावून सांगावी, आणि समोर निदान एक माणूस असा असावा ज्याला ती वस्तू माहीत नाही. मोटारसायकलचा क्लच, यूपीआय, चर्चमधला पाइप ऑर्गन, काहीही. इंग्रजी शब्द आला तर हरकत नाही, रेडस्टोन हा शब्द मलाही आवडतो. पण वाक्य ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. कुठं अडतं तिथं खूण करायची. ही खुणांची यादी हाच आपला कंपॅरेटर.

यावर आक्षेप येईल की हे भाषाशुद्धीचं नवं रूप आहे. नाही. शुद्धीवाले शब्द शासनाच्या कोशातून आणतात. आम्ही डबर मामीकडून आणलं, जागल्या आणि खोडवा मामांकडून. निपाणीच्या त्या आठ दिवसांत कोश एकदाही उघडला नाही. आणि मामेभाऊ अजूनही मित्रांशी खेळताना ऑब्झर्व्हरच म्हणतो, म्हणू दे. त्याच्याकडे आता दोन शब्द आहेत आणि कुणाशी कुठला वापरायचा हे त्याला बरोबर कळतं.

आमच्या यादीत अजून जागा रिकाम्या आहेत. रिपीटरला ‘पुढं-ढकल्या’ सुचला होता, आजीने नापास केला. कंपॅरेटरला काहीच नाही. ‘तुलनित्र’ असलं काही कृपया सुचवू नका. मामा म्हणतात जुन्या लोकांकडं धान्याच्या कणगीत काठी खुपसून माल किती आहे बघायची पद्धत होती, त्या काठीला काहीतरी नाव होतं, त्यांना आठवत नाही. कुणाच्या घरी विचारून कळलं तर पुढच्या बैठकीला घेऊन या.